ते तुमचं पाणी नव्हे

सुबराव सरवद्यांच्या चहाचा रंग त्या उन्हाळ्यात शाईसारखा होऊ लागला. दूध घातलं तर करडा, कोरा केला तर निव्वळ काळा. त्यांच्या सुनेनं, विशाखानं, आधी पातेलं बदललं, मग चहाची पूड बदलली. रंग काही बदलेना. सुबरावांनी मात्र कप तोंडाला लावला आणि मिशी पुसत म्हणाले,

"उभा जन्म रेल्वेच्या शेडात लोखंडाशी झटलो. आता ते चहातनं भेटाय आलंय. येऊ दे, जुनी वळख हाय."

विशाखा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह एकत्र आलं की काळा रंग धरतो, हे वर्गात सांगणं सोपं होतं. तेच घरच्या कपात दिसल्यावर तिला बरं वाटेना. मिरजेच्या त्यांच्या अमरज्योत सोसायटीला नदीचं पाणी आता क्वचितच यायचं. सगळी भिस्त बोअरवर. पाऊसमान बिघडत गेलं तशी बोअर खोल खोल गेली आणि तळाचं पाणी लोहानं भारलेलं निघालं. त्यात इमारतीच्या गंजक्या पाइपांची भर. सकाळी नळ सोडला की आधी विटकरी पाणी, मग पिवळं, मग कसंबसं पांढरं. भाताला पिवळी झाक यायची. विशाखाची मुलगी उत्पला खो-खो खेळायची. तिच्या संघाचा पांढरा गणवेश धुतल्यावर जास्त मळका दिसायचा.

पण गोष्ट कपड्यांवर थांबली नाही. आबांच्या, म्हणजे सुबरावांच्या, उजव्या हाताची पहिली दोन बोटं सुजली. मूठ वळेना. जिना चढताना ते मध्येच कठडा धरून उभे राहू लागले. अंगाचा रंग तांब्याच्या न घासलेल्या भांड्यासारखा झाला होता, भेटेल तो म्हणायचा, "आबा, उन्हानं रापलात." विशाखाचा नवरा सुगत रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. त्यानं एक दिवस रजा टाकून वडिलांना डॉक्टर नाडगौडांकडे नेलं. विशाखानं उत्पलालाही बरोबर घेतलं, कारण पोरगी अलीकडे सरावाहून आली की चपलांसकट आडवी व्हायची.

डॉक्टरांनी दोघांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"गंमत बघा. आजोबांच्या यकृतात लोह मावत नाही आणि नातीच्या रक्तात पुरत नाही. पाणी एकच, भाकरी एकच."

"पाण्यानंच झालं का हे?" सुगतनं विचारलं.

"एकट्या पाण्यानं नाही. आजोबांच्यात हे मुळातच आहे, घराण्यातून आलेलं. पाण्यानं वर्षानुवर्षं त्याला खतपाणी घातलं, एवढंच."

जास्तीच्या लोहावर खरा उपाय एकच, अंगातलं रक्त थोडं थोडं काढून टाकणं. तो करून पाहिला. पहिल्याच वेळी आबांना खुर्चीत भोवळ आली. त्यांचं हृदय अशक्त होतं. नाडगौडांनी तो रस्ता बंद केला आणि सांगितलं, की आता आत जाणारं लोहच अडवा.

पाण्यातलं लोह दोन सोंगं घेतं. जमिनीच्या पोटात हवा नसते, तिथं ते विरघळलेलं असतं आणि पाणी काचेसारखं नितळ दिसतं. वर येऊन हवा लागली की त्याचाच तांबडा गंज होतो. माणूस घाबरतो तो गंजाला. खरं तर गंज बराचसा पोटातून तसाच निघून जातो. अंगी लागतं ते न दिसणारं, विरघळलेलं लोह. आणि एकदा अंगी लागलेलं लोह शरीराला मनाजोगं बाहेर टाकता येत नाही. त्याला आत यायला दार आहे, जायला नाही. म्हणून शरीर त्या दारावर राखण ठेवतं. पुरेसं झालं की आतडं लोह घेणं थांबवतं. काही घराण्यांत ही राखण जन्मतःच ढिली असते. अशा माणसाच्या यकृतात, सांध्यांत, हृदयात लोह साचत जातं. उलट वयात आलेल्या मुलीच्या अंगातून दर महिन्याला रक्त जातं, रक्ताबरोबर लोह जातं, आणि तिच्यासाठी तेच पाणी थोडंफार औषध ठरतं. एकाच घागरीतलं पाणी घरातल्या दोघांना दोन बाजूंना ओढतं, ते असं.

हा पेच सोडवणारं यंत्र त्याच सुमारास बाजारात आलं होतं. त्याचं नाव ‘समतोल’. दिसायला साधा नळच, फक्त मुठीवर नखाएवढी काच. काचेवर बोट टेकवलं की प्रकाशाच्या काही लहरी नखाखालून आरपार जायच्या आणि रक्तातलं लोह किती, साठवणीतलं किती, याचा अंदाज नळ बांधायचा. नळाच्या पोटात दोन खण होते. पहिला पाण्यातलं लोह नि गंज झाडून सगळं काढून घ्यायचा. दुसरा त्या माणसाला लागेल तेवढंच लोह परत मिसळायचा. ज्याला लोह वर्ज्य, त्याला नळावर निळा दिवा लागायचा. ज्याला बेताचं चालेल, त्याला हिरवा. ज्याला कमी पडतंय, त्याला केशरी.

विशाखानंच सोसायटीच्या सभेत या नळाची बाजू मांडली. ती बोलायला उभी राहिली की लोक ऐकायचे. अध्यक्ष मगदूम वहिनींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. एका आरोग्य विमा कंपनीनं हप्त्यात सूट देऊ केली, अट एवढीच, की प्रत्येक घरात नळ हवा आणि प्रत्येकानं आपापलंच पाणी प्यावं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. विशाखालाही नाही.

वर्षभरात नळानं आपलं काम चोख केलं. फरशीवरचे तांबडे ओघळ गेले. चहाला चहाचा रंग आला. आबांच्या यकृतातलं लोह वाढायचं थांबलं, आणि उत्पला धावून आली की थेट जेवायला बसू लागली. प्रशिक्षकांनी तिला विद्यापीठाच्या संघासाठी तयार राहायला सांगितलं. नाडगौडांनी दोन्ही अहवाल पाहून विशाखाचं अभिनंदन केलं.

बदल दुसरीकडेच होत होते, आणि इतके हळू, की ते बदल आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. पाहुणा आला की पहिल्यांदा पाण्याचा तांब्या पुढे करायचा, ही रीत मोडली. कारण नळ पाहुण्याला ओळखत नसे. पाहुणे आपल्या बाटल्या घेऊन येऊ लागले. बाटल्यांच्या झाकणांना निळी, हिरवी, केशरी कडी आली. शाळेत मुलं रंगाप्रमाणे डब्याला बसू लागली. हे कुणी ठरवलं नव्हतं. एकमेकांच्या बाटलीला चुकून तोंड लागू नये म्हणून बाई त्यांना तसं बसवायच्या. लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी रंग विचारायचे. "मुलगी केशरी आहे, पण तब्येतीनं चांगली आहे," असं आता लोक सहज बोलून जायचे. निळा म्हणजे घराण्यात दोष, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. त्यामागचं विज्ञान फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही.

एक मेला सोसायटीच्या आवारात झेंडावंदन झालं. वयानं सगळ्यांत मोठे म्हणून दोरी ओढायचा मान आबांचा. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, झेंडा फडकवला, महाराष्ट्रगीत संपेपर्यंत ताठ उभे राहिले. मिरजेचं मे महिन्यातलं ऊन ते. सकाळी आठलाच डोकं तापलेलं. गीत संपल्यावर आबांच्या घशाला कोरड पडली. लिंबाच्या झाडाखाली टेबलावर तीन पिंपं मांडली होती, प्रत्येकावर रंगीत फीत. आबा जवळच्या पिंपाशी गेले, पेला भरला आणि तोंडाशी नेला.

"अहो आबा, ते तुमचं पाणी नव्हे!"

मगदूम वहिनी अक्षरशः पळत आल्या. त्यांनी आबांच्या हातातून पेला हळूच काढून घेतला. "ते केशरी आहे. तुमचं निळं त्या टोकाला. थांबा, मी आणते. तुम्ही उन्हात नका चालू."

वहिनींच्या बोलण्यात काळजीशिवाय दुसरं काही नव्हतं. आजूबाजूला चार माणसं होती. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा आपल्या पोह्यांकडे वळली. वहिनी दुसरा पेला घेऊन आल्या तेव्हा आबा जिन्याकडे निघाले होते. "तहान गेली," ते म्हणाले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी विशाखाच्या मोबाइलवर नळाची सूचना आली, की सुबराव सरवदे यांनी पाणी घेतलेलं नाही. तिला वाटलं, बोट नीट टेकलं नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सूचना.

"आबा, पाणी पिता ना?" तिनं जेवताना विचारलं.

"पितो की."

उत्पला ताटात बघत राहिली. आबा हात धुवायला उठल्यावर ती आईला म्हणाली, "आबा खाली पितात. पार्किंगच्या मागं."

पार्किंगच्या मागं बोअरचा जुना नळ होता. गाड्या धुण्यासाठी तो तसाच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा फिरायला निघाले तशी विशाखा गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. आबा फिरून आले, आवारातून सरळ मागे गेले, नळ सोडला. पाणी आधी विटकरी आलं. ते थांबले नाहीत. सदऱ्याच्या बाह्या वर सारून त्यांनी ओंजळ धरली आणि वाकून प्यायले. मग तोंड पुसून, कुणी पाहिलं का याचा जराही विचार न करता, जिन्याला लागले.

तो दिवस विशाखानं रागात काढला. राग यंत्राचा नव्हता, आबांचा होता. किती खटपटीनं तिनं त्यांचं यकृत सावरलं होतं! संध्याकाळी सुगत कामावरून यायच्या आत ती आबांच्या खोलीत गेली. ते खिडकीशी बसून बोटांना तेल चोळत होते.

"आबा, मी बघितलं सकाळी."

"मग झालं तर. इचारायचं काय राह्यलं?"

"ते पाणी तुम्हाला विष आहे. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

"व्हय. सांगितलंय."

"मग? वहिनींनी पेला घेतला म्हणून एवढं मनाला लावून घेतलंत? त्या तुमच्या भल्यासाठीच पळत आल्या ना?"

आबांनी तेलाची बाटली बूच लावून बाजूला ठेवली. ते सावकाश बोलले, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगत होते.

"आमच्या गावच्या शाळंत पडवीला माठ हुता. गुरुजींच्या घरच्या बाई भरायच्या. आमच्यासाठी खांबाला एक डबडं टांगल्यालं. मी पयलीत. एकदा भर दुपारी मी माठाला हात लावला. तर त्या बाई पळत आल्या. मारलं न्हाई, वरडल्या न्हाईत. पाठीवरनं हात फिरवला आन् म्हनल्या, 'बाळा, ते तुझं पानी नव्हं. तुझं तिकडं.' हातावर गुळाचा खडा ठिवला. लई मायाळू बाई. माझ्या आठवणीत त्यांच्याइतकं गोड कुनी बोललं न्हाई माझ्याशी त्या शाळंत."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

"पण आबा," विशाखा म्हणाली, "ते खोटं होतं. ती माणसांनी रचलेली गोष्ट होती. हे खरं आहे. तुमच्या रक्तात आहे, मोजता येतं."

"मला कळतंय की त्यातला फरक. मी काय अडाणी न्हाई. मला फरक कळतो, पोरी. माझ्या हाताला कळत न्हाई. त्या नळावर बोट ठिवलं की हात मागं येतो. मी काय करू?"

विशाखाच्या माहेरीही अशा गोष्टी होत्या, पण आजीच्या तोंडून ऐकलेल्या. तिच्या स्वतःच्या हाताला त्यांची आठवण नव्हती. तिनं आयुष्यभर एकच धरून चालवलं होतं, की मोजता येतं ते खरं आणि खऱ्यानं कुणाचा अपमान होत नाही. यातलं दुसरं वाक्य तिनं कधी तपासून पाहिलं नव्हतं.

पुढच्या तपासणीत आबांच्या यकृतातलं लोह चढलेलं निघालं. नाडगौडा म्हणाले, असंच चाललं तर वर्ष-दीड वर्ष.

विशाखानं समतोलच्या कार्यालयात फोन लावला. घरातल्या सगळ्यांना एकच पाणी मिळेल, निळंच, असं यंत्र लावून द्या, एवढंच तिचं मागणं. पलीकडची बाई अतिशय नम्र होती.

"मॅडम, तुमच्या घरात एक केशरी व्यक्ती आहे. केशरी व्यक्तीला निळं पाणी देणं ही यंत्राच्या हिशेबानं इजा आहे. तशी परवानगी त्यात नाहीच."

"इजा काय ते मी ठरवते ना. मी तिची आई आहे."

"हो मॅडम. पण यंत्र सगळ्यांशी सारखंच वागतं."

रात्रीच्या जेवणाआधी घरातली चौघं बसली. म्हणजे तिघंच, आबांना विशाखानं मुद्दाम शेजारी देशपांड्यांकडे बातम्या बघायला पाठवलं होतं. नळ काढून टाकायचा आणि सगळ्यांसाठी लोह काढलेलं साधं पाणी करायचं, असं तिनं सुचवलं. एकट्या आबांचं पाणी वेगळं केलं, तर ते पुन्हा खांबाचं डबडंच झालं असतं. सुगतला ते पटेना.

"एका माणसाच्या मनासाठी दुसऱ्याचं शरीर पणाला लावायचं? उत्पलाची निवड महिन्यावर आलीय. नळ काढला की सोसायटीची विम्याची सूट जाणार, लोक आपल्या दाराशी येणार ते वेगळंच. आबांची समजूत घाल. माझे वडील आहेत, मला काय त्यांचं वाईट वाटत नाही?"

"समजूत पटलेलीच आहे त्यांना," विशाखा म्हणाली. "त्यानं काही होत नाहीये."

उत्पला तोवर गुडघ्यावरची खपली खुडत होती. तिनं विचारलं, "मला लोह दुसरं कशातून मिळेल?"

"गोळ्या. पालेभाजी, खजूर, मटण. पण गोळ्या तुला सोसत नाहीत. मागच्या वेळी पोट बिघडलं होतं."

"म्हणजे मिळेल."

"मिळेल. हळू मिळेल. निवडीपर्यंत पुरं पडेल असं मी सांगू शकत नाही."

पोरीनं खपली खुडायची थांबवली. निवड तिला हवी होती; तिनं दोन वर्षं दुसरं काही मनात आणलं नव्हतं. "काढ नळ," ती म्हणाली आणि उठून आत गेली. मोठ्या मनानं वगैरे नाही. दार जरा जोरातच लागलं.

विशाखानं प्लंबर बोलावून समतोल काढला. त्या जागी तिनं जे केलं ते अगदी जुनं तंत्र होतं, सातवी-आठवीच्या पुस्तकात देता येईल असं. बाल्कनीत एकावर एक दोन पिंपं. वरच्या पिंपाच्या तळाला बारीक छिद्रं. त्यातून पाणी थेंबाथेंबानं हवेतून पडायचं. हवा लागली की विरघळलेल्या लोहाचा गंज व्हायचा. खालच्या पिंपात वाळू नि कोळसा; गंज तिथं अडकायचा आणि तळाच्या तोटीतून स्वच्छ, बिनलोहाचं पाणी यायचं. त्यात बोट कुठंही टेकवावं लागत नव्हतं. आबांनी पहिल्या दिवशी त्या पिंपांभोवती एक फेरी मारली, तोटीची गळती दाखवून दिली, पेला भरला आणि प्यायले. उत्पलाही तेच प्यायली, सुगतही.

सोसायटीत व्हायचं ते झालं. विम्याची सूट गेली. मगदूम वहिनींनी सभेत विशाखाचं नाव न घेता "शिकल्यासवरल्या माणसांनी तरी" असं म्हटलं. जिन्यात भेटणारे लोक हवापाण्याच्या गोष्टी टाळू लागले, निदान पाण्याच्या तरी.

आणि गोळ्यांनी उत्पलाचं पोट बिघडवलंच. मळमळायचं, जेवण जायचं नाही. निवडीच्या दिवशी ती पहिल्या डावात चांगली पळाली आणि दुसऱ्यात तिचा दम तुटला. यादीत तिचं नाव आलं नाही. ती घरी आली, अंघोळ केली, आबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. तिला गोळ्या सोसत नसताना नळ काढला होता, हे आबांना अजून माहीत नव्हतं.

ते त्यांना देशपांड्यांकडून कळलं. ऐकून आबा तडक घरी आले आणि दारातूनच म्हणाले,

"विशाखा, त्यो नळ परत बसीव. मी निळं पितो. उद्यापासनं."

"तुमचा हात मागं येतो म्हणालात ना?"

"येऊ दे. दुसऱ्या हातानं धरून टेकवीन. पोरीचं माझ्यापायी जातंय, हे मला सोसायचं न्हाई."

उत्पला आतून आली. तिचे डोळे अजून सुजलेले होते, पण आवाज रोजचा होता.

"तुमच्यापायी नाही गेलं, आबा. गोळीपायी गेलं. डॉक्टरांनी गोळी बदललीय. पुढच्या वर्षी परत आहे निवड."

"आन् तवर?"

"तवर पळते. आणि तुम्ही नळ बसवलात, तर मी खाली जाऊन गाड्या धुवायच्या नळाचं पिईन. बघाच."

आबांनी सुनेकडे पाहिलं, न्याय मागितल्यासारखं. विशाखानं नळ काही परत बसवला नाही. एका जिवाचं नुकसान तिनं दुसऱ्या जिवाच्या पदरात टाकलं होतं, आणि ते बरोबर केलं का, हे तिला तेव्हाही ठरवता आलं नाही. पुढे आबांच्या यकृतातलं लोह होतं तिथं थांबलं. कमी झालं नाही. नवी गोळी उत्पलाला सोसली. एवढंच पक्कं सांगता येतं.

पावसाळा सरता सरता समतोल कंपनीनं नवा नळ काढला. त्यात ‘कुटुंब’ नावाची सोय होती: सगळ्यांना एकच पाणी. त्याची किंमत जुन्यापेक्षा जास्त होती. जाहिरातीत एक आजोबा आणि नात एकाच तांब्यातून पाणी पिताना दाखवले होते. सुगतनं ती विशाखाला दाखवली. तिनं पाहिली आणि फोन परत दिला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मगदूम वहिनी दाराशी आल्या. बऱ्याच महिन्यांनी येत होत्या. बाटली बरोबर नव्हती. त्यांच्या मुलाचं, सौरभचं, इचलकरंजीच्या एका मुलीशी ठरत आलेलं लग्न मोडलं होतं.

"इतके दिवस हिरवा होता, आता निळा निघाला," वहिनी म्हणाल्या. "चांगला धडधाकट आहे गं. आजार नाही, काही नाही. नळानं दिवा दाखवला आणि मुलीकडच्यांनी फोनच उचलणं बंद केलं. दोघं चार वर्षं ओळखत होती एकमेकांना." त्या थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग बाल्कनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला तसलं पिंप लावून देशील?"

विशाखानं त्यांना सगळं नीट सांगितलं. त्या पाण्यात कुणाच्याच वाटणीचं लोह नसतं. ज्याला लागतं त्याला ते अन्नातून नाहीतर गोळीतून द्यावं लागतं, रक्त तपासत राहावं लागतं. आणि तो दिवा काढला म्हणून सौरभच्या रक्तातलं काही पुसलं जाणार नाही. त्यानं डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

"दाखवेल. सांगते त्याला," वहिनी म्हणाल्या. "ते डॉक्टरांना कळू दे. दिवाणखान्यात नको."

रविवारी सुगतनं आणि सौरभनं मिळून वाळूची पोती तिसऱ्या मजल्यावर चढवली. छिद्रं पाडायला आबा गेले. बोटं दुखत होती तरी हातोडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. मगदुमांच्या बाल्कनीत चटईवर बसून त्यांनी तळाला एकसारखी भोकं पाडली, तोटीच्या आट्यांना ताग गुंडाळला, सौरभला पाना कसा धरायचा ते दोनदा दाखवलं आणि दोन्ही वेळा तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पाणी आधी कोळशानं काळसर आलं, मग गढूळ, मग निवळलं. वहिनींनी पेला भरून पुढे केला. कुणी घ्यायचा ते ठरलेलं नव्हतं. तो सौरभनं घेतला, अर्धा पिऊन उत्पलाकडे दिला. तिनं उरलेला संपवून पुन्हा तोटीखाली धरला. आबा खाली वाकून नट आवळत होते. एक थेंब अजून गळत होता, आणि त्यांचं सगळं लक्ष त्या थेंबाकडे होतं.